येणे, कळणे आणि उमजणे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा सारांश)



'मुलाला प्रतिक्रमण येते का?' हा प्रश्न आपल्या घराघरांतून विचारला जातो. 'प्रतिक्रमण कळते का?' असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. या दोन क्रियापदांतील अंतर हाच आजचा विषय आहे.

मराठीत भाव ठाऊक असतो, माणूस ओळखीचा असतो, पोहणे येते, स्तोत्र पाठ असते, दुसऱ्याचे दुःख कळते आणि अनुभवाअंती एखादी गोष्ट उमजते. इंग्रजी यातील बरेचसे एकाच क्रियापदावर भागविते. दूरची चिनी भाषा मात्र येथे मराठीच्या जवळ येते. माणसाची ओळख असणे, विद्या येणे, अर्थ समजणे यांना तेथेही निरनिराळे शब्द आहेत. 'ठाऊक असणे' या अर्थाचा रोजचा चिनी शब्द 'जाणणे' आणि 'मार्ग' या दोन अक्षरांचा आहे. संतोषाला तर तेथे 'पुरेसे जाणणे' असेच म्हणतात. परिग्रह-परिमाण व्रत घेणाऱ्या श्रावकाला हा शब्द परका वाटू नये. 'पुरेसे' म्हणजे किती, हे त्या व्रतात आधी ठरवावे लागते आणि व्यापाऱ्याला नेमके तेच जड जाते.

जैन दर्शनाने ज्ञानाचे पाच भेद सांगितले आहेत : मति, श्रुत, अवधि, मनःपर्यव व केवल. कापडाच्या ताग्यावरील चिठ्ठी वाचून मिळते ते श्रुतज्ञान. बोटांना पोत कळतो ते मतिज्ञान. व्यवहारात बोटांच्या साक्षीला आपण प्रत्यक्ष म्हणतो. आगमिक परंपरेने मात्र ही दोन्ही परोक्ष ठरविली, कारण त्यांत इंद्रिये व मन मध्ये असतात. आत्म्याला विनामध्यस्थ होणारे ज्ञान तेवढे प्रत्यक्ष. दलालाविना सौदा न करणाऱ्या बाजारपेठेला हा भेद लवकर कळावा!

आपल्याला आज श्रुताचाच आधार आहे, आणि तेच अर्थाविना पाठ होत आहे. वास्तविक आगमांची अर्धमागधी काही परकी नव्हे. मराठीतील 'जाणणे' प्राकृत 'जाणइ'वरूनच आले आहे. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांनी शके १११० मध्ये 'विवेकसिंधू' मराठीत रचला, असे परंपरा मानते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पूज्य अमोलकऋषिजी महाराजांनी बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद केला. आष्टी तालुक्यातील कड्याच्या शिक्षणसंस्थेला त्यांचेच नाव आहे. दोघांनाही ज्ञान लोकांच्या भाषेत आणावेसे वाटले. तेव्हा पाठशाळेने एका रविवारी दहा सूत्रे घोकून घेण्याऐवजी एकच सूत्र अर्थासह शिकविले, तर पाठांतराची स्पर्धा मागे पडेल खरी; पडू द्यावी.

संवत्सरीला मोबाईलवरून 'मिच्छा मि दुक्कडं' शेकडो जणांना एकदम पाठविले जाते. माझे दुष्कृत मिथ्या होवो, हा त्याचा अर्थ. कोणते दुष्कृत आणि कोणाशी घडलेले, हे पाठविणाऱ्याला पक्के ठाऊक असते. पण ज्या सख्ख्या भावाशी वर्षभर अबोला आहे, त्याचे नाव बहुधा त्या यादीत नसते.