पाणी कोणाचे? पाड्याचे की पैशाचे?

(महिला बचत गट आणि पाणी समिती सदस्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज पाण्याविषयी बोलायचे आहे. डोक्यावर हंडा घेऊन डोंगर चढणाऱ्या बायांना पाण्याचे मोल मी काय सांगणार? पण पाण्याचे मोल आणि पाण्याची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक आपण समजून घेतला नाही, तर उद्या दुसरेच कोणी तो ठरवतील.

केरळात पालक्काड जिल्ह्यात प्लाचीमडा नावाचे गाव आहे. तिथली वस्ती बरीचशी आदिवासी, शेतमजुरी करणारी. २००० साली कोका-कोलाचा कारखाना तिथे सुरू झाला आणि बोअरवेलमधून रोज लाखो लिटर उपसा होऊ लागला. थोड्याच काळात आसपासच्या विहिरींचे पाणी खाली गेले. उरले ते इतके खराब, की भातही नीट शिजेना. बायांची पाण्यासाठीची पायपीट वाढली. एप्रिल २००२ मध्ये लोक कारखान्याच्या फाटकासमोर धरणे धरून बसले. त्यांत पुढे होती मयिलम्मा, एक आदिवासी स्त्री. २००३ मध्ये ग्रामपंचायतीने परवान्याचे नूतनीकरण नाकारले आणि मार्च २००४ मध्ये उत्पादन थांबले.

न्यायालयात काय झाले, तेही ऐका. डिसेंबर २००३ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी सांगितले, की भूजल ही जनतेची ठेव आहे आणि सरकार तिचे विश्वस्त आहे. २००५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने मात्र रोज पाच लाख लिटरपर्यंत उपसा करायला मुभा दिली. जमीन ज्याची, त्याला खालचे पाणी काढण्याचा अधिकार, असा तो विचार. पुढे सरकारी समितीने २१६ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे सांगितले. भरपाईसाठी विधानसभेने २०११ मध्ये विधेयक मंजूर केले, पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. म्हणजे कारखाना थांबला, पण नुकसान गावाच्याच पदरात राहिले.

कोणी म्हणेल, मग खासगी कंपनी नको, सगळे सरकारनेच करावे. पण आपल्या जवळच पाहा. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे पाणी कोणा कंपनीने नेलेले नाही. म्हणून नुसते 'सरकारी की खासगी' असे विचारून भागत नाही. निर्णय घेताना पाड्याला विचारले का, हा खरा प्रश्न आहे.

२८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सुरक्षित पिण्याचे पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले. १२२ देशांनी बाजूने मत दिले, विरोधात एकानेही नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी धरले आहे. पण हक्क म्हणजे फुकट, असा अर्थ काढू नका. मोटारीचे वीजबिल, पाइपची दुरुस्ती, क्लोरीन या सगळ्याला पैसा लागतो आणि पाणीपट्टी भरणे आपले काम आहे. पाणी आणण्याचा खर्च देणे वेगळे आणि आपलेच पाणी दुसऱ्याकडून विकत घेणे वेगळे. पवित्र शास्त्रात विलापगीताच्या पाचव्या अध्यायात देश गमावलेल्या लोकांचे हेच दुःख आहे, की स्वतःच्या भूमीतले पाणी त्यांना पैसे मोजून प्यावे लागते.

प्लाचीमडाच्या लोकांकडे नव्हते, असे एक हत्यार आपल्याकडे आहे. केरळात अनुसूचित क्षेत्र जाहीर झालेले नाही. आपला भाग त्यात आहे. १९९६ चा पेसा कायदा आपल्याला लागू होतो. लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतीकडे द्यावे आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे, असे तो म्हणतो. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियम केले. जल जीवन मिशनमध्येही दर माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट आहे आणि गावच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे म्हटले आहे.

पण कागदावरचा हक्क ग्रामसभेत बोलल्याशिवाय हातात येत नाही. म्हणून उद्या कोणीही, कंपनी असो, ठेकेदार असो, सरकारी खाते असो की आमच्यासारखी संस्था असो, पाण्याची योजना घेऊन आला, तर तीन प्रश्न विचारा. रोज किती पाणी उपसणार आणि ते मोजणार कोण? दर कोण ठरवणार आणि ज्या घरात पैसे नाहीत, त्या घराचे काय? योजना बंद पडली किंवा पाणी नासले, तर जबाबदार कोण?

उत्तरे तोंडी घेऊ नका. ठरावात लिहून घ्या, वाचून घ्या आणि मगच सही करा किंवा अंगठा द्या. ज्या बाईला वाचता येत नाही, तिला शेजारणीने वाचून दाखवावे. येत्या ग्रामसभेला प्रत्येक बचत गटातून निदान पाच जणींनी जायचे, एवढे आज ठरवून उठू या.