क्रीडांगणामागील माणसांचा गौरव

(तालुका शिक्षक मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आपल्या तालुक्यातील माध्यमिक विद्यालयांच्या क्रीडाकार्यात ज्यांनी विशेष सेवा केली, अशा व्यक्तींचा यंदा जाहीर गौरव करावयाचे ठरले आहे. त्यांची नावे सुचविण्याचे काम प्राथमिक शिक्षकांकडेही सोपविलेले आहे. "गौरव हायस्कुलांचा, मग नावे आम्ही का सुचवावीत?" असा प्रश्न आपल्यापैकी काहींनी मला केला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच मी आज आपल्यापुढे उभा आहे.

माध्यमिक शाळेच्या संघातून चढाई करणारा मुलगा आठवीच्या वर्गात एकाएकी तयार होत नाही. त्याच्या पायांतील चपळाई प्रथम आपल्याच शाळेच्या अंगणात, लंगडीच्या रिंगणात कोणाच्या तरी लक्षात आलेली असते. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारा स्वप्नील कुसाळे हा राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा; त्याचे वडील शिक्षक. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी मैलोगणती चालत, धावत शाळेत जात असे. त्याने २०२३ च्या आशियाई स्पर्धांत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक पटकाविले. खेळाची वाट खेड्यातून निघते, आणि त्या वाटेवरचे पहिले साक्षीदार आपण असतो. म्हणून नावे सुचविण्याचा अधिकार आपला आहे, आणि ते आपले कर्तव्यही आहे.

परंतु गौरव कोणाचा करावा? खेळाडूचा तर करावाच. पण एका खेळाडूमागे किती हात असतात, हे खाशाबा जाधवांच्या चरित्रावरून ध्यानात येते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १९२६ साली त्यांचा जन्म झाला. कुस्तीचे पहिले धडे त्यांनी वडिलांकडून घेतले, आणि त्यांचे माध्यमिक शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. पुढे १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा पैसा नव्हता. त्या समयी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. ते पदक खाशाबांच्या मनगटाचे होते, तसेच एका शिक्षकाच्या विश्वासाचेही होते.

आता या गौरवाची दुसरी बाजू पाहा. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाल्यावर दीड दशकाहून अधिक काळ लोटल्यानंतर. आज १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्याने तो आनंद पाहावयाचा तो पाहावयास उरला नाही. मार्गदर्शकांचे तर आपणांस आणखी उशिरा स्मरण होते. खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू होण्यास १९८५ साल उजाडले.

दुसऱ्यांचे दोष दाखविण्यापूर्वी मी माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका समारंभाची यादी करण्याचे काम माझ्याकडे होते. मी चषकांच्या नोंदी पाहिल्या, विजयी संघांचे मार्गदर्शक निवडले, देणगीदारांची नावे घातली आणि यादी पुरी केली. समारंभ थाटात झाला. त्या विद्यालयाचा एक सेवक पाहुण्यांना पाणी देत मागे उभा होता. निघताना दोन माजी विद्यार्थिनींनी मला थांबवून विचारले, "साहेब, मामांचे नाव कसे नाही?" त्यांच्याकडून मला कळले की, हा गृहस्थ कित्येक वर्षे पहाटे मैदानावर पाणी मारीत असे, रोलर ओढीत असे, फक्कीने खो-खोचे मैदान आखीत असे, आणि सराव संपल्यावर वाडीवरच्या मुलींना अंधारातून घरापर्यंत सोडून मगच आपल्या घरी जात असे. त्याच्या त्या सोबतीमुळेच मुलींच्या आईबापांनी त्यांना खेळू दिले होते.

पुढील वर्षी ही चूक दुरुस्त करावी असे मी ठरविले. परंतु मध्यंतरीच्या पावसाळ्यात तो वारला. मी शाल घेऊन त्याच्या घरी गेलो. मुलाने ती दोन्ही हातांनी घेतली आणि विचारले, "साहेब, बाबा शाळेत नेमके काय करीत होते? घरी त्यांनी कधी सांगितले नाही." मला जे ठाऊक होते ते मी सांगितले, पण तेही मुलींनी सांगितलेले. शाळेच्या दप्तरात त्याविषयी एक ओळही नव्हती.

त्या दिवसापासून मनाशी बाळगलेल्या चार गोष्टी आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट नोंदीची. प्रत्येक शाळेने एक साधी क्रीडा-नोंदवही ठेवावी. मैदान कोणी आखले, सुगी झाल्यावर खळ्याची किंवा शेताची जागा खेळावयास कोणी दिली, सामन्याला मुले कोणाच्या गाडीतून गेली, कोणत्या माजी विद्यार्थ्याने सुटीत येऊन सराव घेतला, हे तारखेसह लिहावे. आठवड्याला दोन ओळी पुरेत.

दुसरी गोष्ट कसोटीची. केवळ चषक मोजू नयेत. मोठे मैदान व वसतिगृह असलेल्या शाळेला चषक मिळणे तुलनेने सोपे असते. किती मुले, विशेषतः किती मुली, दहावीपर्यंत खेळत राहिल्या, हे पाहावे. मुलीच्या घरी तीनदा जाऊन तिच्या आईची समजूत घालणारी शिक्षिका चषकाविनाही गौरवास पात्र आहे. त्याचप्रमाणे, खोट्या जन्मतारखेचा खेळाडू उतरविण्यास नकार देऊन ज्याने सामना गमावला, त्याचे नाव मी यादीत वर ठेवीन. जन्मतारखेची पहिली नोंद आपल्याच जनरल रजिस्टरात होते, याचे स्मरण आपणही ठेवावे.

तिसरी गोष्ट स्थळकाळाची. गौरव कार्यालयाच्या सभागृहात न करता मैदानावर, मुलांच्या समक्ष करावा. २९ ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिन आहेच. परंतु आपल्याकडे तेव्हा मैदाने चिखलाने भरलेली असतात. त्या दृष्टीने १५ जानेवारी अधिक सोयीचा. आणि गौरव हयातीत करावा. निवृत्तीला टेकलेल्या व्यक्तींची नावे प्रथम विचारात घ्यावीत.

चौथी गोष्ट शब्दांची. 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्व', 'निःस्पृह सेवा' असे शब्द आपण सर्वांच्याच मानपत्रांत घालतो. त्यामुळे ते कोणाचेच राहत नाहीत. त्याऐवजी केलेले काम लिहावे. "यांनी पहाटे मैदान आखले आणि रात्री मुलींना घरी पोचविले" एवढे एक वाक्य एका मोठ्या मानपत्राच्या तोडीचे आहे. शाल विरते, नारळ त्याच दिवशी फुटतो. पण मुलांसमोर वाचलेले खरे वाक्य त्या माणसाच्या घरात दीर्घकाळ राहते.

गौरवाने क्रीडांगणावरील सर्व उणिवा दूर होतील, असा माझा दावा नाही. मैदानांची वाण आहे, साहित्य अपुरे आहे, एकाच शिक्षकावर अनेक वर्गांचा भार आहे, हे मी जाणतो. परंतु ज्यांनी या उणिवांत मार्ग काढला, त्यांना आपण पाहिले आहे एवढे तरी त्यांना कळावे.

आज येथून घरी गेल्यावर प्रत्येकाने एका कागदावर एकच नाव लिहावे आणि त्याखाली त्या व्यक्तीने केलेले एकच काम लिहावे. ते नाव शिक्षकाचे असो, सेवकाचे असो, शेतकऱ्याचे असो वा एखाद्या आईचे असो. महिनाअखेर ते कागद केंद्रप्रमुखांकडे पोचवावेत. एखादे नाव माझ्या यादीत नसेल, तर मला निःसंकोच थांबवून विचारावे. त्या दोन मुलींनी विचारले, म्हणूनच मी आज हे बोलू शकलो.