जुन्या रिव्हॉल्व्हरचे मोल

कोल्हापूरच्या वायव्येस जोतिबाचा डोंगर आहे. चैत्री पौर्णिमेस तेथे सासनकाठ्या नाचतात आणि अवघा डोंगर गुलालाने न्हाऊन निघतो. तेथील केदारनाथाचे आजचे मंदिर राणोजी शिंदे यांनी इ. स. १७३० मध्ये बांधविले. नुसता दगड म्हणून पाहिल्यास त्यातील काळा पाषाण इतर पाषाणांहून महाग नव्हे. परंतु तो कोणी व केव्हा रचला हे ठाऊक असल्यामुळे त्याची थोरवी वाढते. द्रव्य निराळे आणि मोल निराळे. हाच विवेक जुन्या शस्त्राची किंमत ठरविताना उपयोगी पडतो.

डोंगराच्या आसमंतातील एखाद्या जुन्या वाड्यात, पणजोबांच्या पेटीच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेले रिव्हॉल्व्हर निघाले अशी कल्पना करावी. घरातील तरुण मंडळींचा पहिला प्रश्न असतो, ‘याचे किती येतील?’ वस्तुतः पहिला प्रश्न निराळा असावयास हवा. ते भरलेले आहे असेच समजून त्याच्या चापास व घोड्यास हात लावू नये. आणि त्याचा परवाना आहे किंवा नाही, हे पाहावे. केवळ जुने झाल्याने शस्त्र कायद्यातून सुटत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने जुन्या बनावटीच्या वा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रास सूट दिली आहे खरी. परंतु ते दुरुस्त करूनही उडविता येणार नाही, अशा स्थितीत असले पाहिजे. परवाना नसल्यास वस्तू न लपविता पोलीस ठाण्यास कळवावे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

यानंतर पारख. सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन गृहस्थाने १८३६ साली आपल्या देशात रिव्हॉल्व्हरचे पेटंट मिळविले. आरंभीची रिव्हॉल्व्हरे ठासणीची होती. फिरत्या चक्रातील घरांत दारू व गोळी ठासावयाची आणि मागे टोपी बसवावयाची. काडतुसांची रिव्हॉल्व्हरे पुढे आली. तेव्हा बनावट पाहताच जाणत्यास काळाचा अंदाज येतो. मग कारखान्याचे नाव, लंडन वा बर्मिंगहॅम येथील परीक्षेचे ठसे आणि अनुक्रमांक पाहावयाचे. सांगाड्यावरील व चक्रावरील क्रमांक जुळले, तर भाग मूळचे असण्याचा संभव वाढतो. न जुळल्यास किंमत उतरते.

येथेच आपल्याकडील एक सवय घात करते. खंडेनवमीस शस्त्रे पुजण्यापूर्वी ती विटेच्या चुऱ्याने लखलखीत घासण्याची हौस पुष्कळांस असते. भक्ती उत्तम, परंतु त्या घासण्याने पोलादाची मूळची निळसर झाक जाते आणि ठसे व आकडे पुसट होतात. पारखी लोकांस चकाकी नको असते, मूळचे रूप हवे असते. पूजेला गंधफूल पुरे. विटेचा चुरा कशास?

क्रमांकाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १० जुलै १८७३ रोजी ब्रुसेल्स येथे पॉल व्हर्लेन या फ्रेंच कवीने आपला मित्र, तरुण कवी आर्थर रँबो याजवर गोळी झाडली. ती मनगटास लागली. ते रिव्हॉल्व्हर अगदी सामान्य प्रतीचे, सात मिलिमीटरचे होते. परंतु त्यावरील क्रमांक बंदुका विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या वहीतील नोंदीशी जुळला. २०१६ साली पॅरिसच्या लिलावात त्याचा अंदाज पन्नास-साठ हजार युरोंचा होता. प्रत्यक्षात ४,३४,५०० युरो आले. लोखंडाचे मोल अल्प. उरलेले सारे त्या आकड्याचे आणि त्या नोंदीचे. कोणी तो आकडा घासून टाकला असता, तर?

मात्र परदेशातील असे आकडे वाचून हुरळून जाऊ नये. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर विकण्यास नेता येत नाही. आणि चालू स्थितीतील शस्त्र घेणारासही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोनच शस्त्रे बाळगता येतात, आणि वारशाने आलेले शस्त्रही त्यांतच मोजले जाते. गिऱ्हाईक थोडे, म्हणून भावही बेताचा. पॅरिसचा भाव कोल्हापुरात मिळत नसतो.

मग वाड्यातील त्या मंडळींनी काय करावे? शस्त्र घासू नये, जुने परवाने व पावत्या जपून ठेवाव्यात आणि घरातील वडीलधाऱ्यांस जे आठवते ते, ते हयात आहेत तोवर, तारखेनिशी लिहून घ्यावे. लोखंडास तेल लावून ते आणखी शंभर वर्षे टिकविता येईल. आजीच्या आठवणीस तसा उपाय नाही. राणोजी शिंद्यांचे नाव व १७३० हे साल राहिले, म्हणून मंदिराचा इतिहास राहिला. पेटीतील त्या लहानशा वस्तूचे नाव-गाव मात्र अद्याप कोणी तरी लिहावयाचे आहे.