खाणीचं पाणी कालव्यात नको



वणी-चंद्रपूरच्या पट्ट्यात कोळशाच्या खाणीतून उपसलेलं पाणी नाल्यातून कालव्यात शिरलं, की आपल्याला वाटतं, फुकटात ओलीत झालं. ते पाणी हौदात निवळलं तर भुकटी खाली बसते. विरघळलेले क्षार बसत नाहीत. आपल्या काळ्या जमिनीला निचरा कमी. पाणी उडून जातं, क्षार साचतात. कपाशी, ज्वारी बरंच सोसतात. हरभरा जळतो, तेव्हा कळतं.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानं कोरडा नालाही प्रवाहच धरला आहे. म्हणून आपण एकच मागू : खाणीचा चर कालव्यापासून वेगळा काढा. तोवर कालव्याच्या तोंडाशी बाटली भरू, तारीख घालू, पंचांसमोर सील करू, क्षार तपासून घेऊ. कर्ज माफ होतं; खारवटलेली जमीन माफ करत नाही.