ड्राइव्हचा खडखडाट आणि कापसाचा बोळा

कमोडोर ६४ हा घरगुती संगणक १९८२ साली बाजारात आला. त्याच्या जोडीचा फ्लॉपी ड्राइव्ह म्हणजे १५४१. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या एका बाजूवर जेमतेम १७० किलोबाइट माहिती मावे. नवी फ्लॉपी फॉरमॅट करायला घेतली की आतून खड्‌खड्‌ खड्‌खड्‌ असा आवाज येई आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होई.

तो बिघाड नव्हता. हेड पहिल्या ट्रॅकवर पोचले की नाही, हे सांगणारा सेन्सर या ड्राइव्हमध्ये नव्हताच. म्हणून मोटर हेडला मागे लोटत राही आणि ते अडणीवर आपटे. अ‍ॅपलच्या १९७८ च्या ‘डिस्क टू’मध्येही असाच प्रकार होता. खर्च वाचला खरा, पण १५४१ मध्ये हे आपटणे वारंवार झाले की हेड जागेवरून किंचित सरके. त्यात नक्कल होऊ नये म्हणून काही गेमच्या फ्लॉपींवर मुद्दाम सदोष सेक्टर ठेवलेले असत. ते वाचताना ड्राइव्ह पुन्हापुन्हा आपटत राही. अशा सरकलेल्या हेडला कितीही पुसले तरी उपयोग नाही. त्याची जागाच नीट बसवावी लागते.

मळाचे दुखणे वेगळे. फ्लॉपीचे हेड चकतीला प्रत्यक्ष घासून चालते, त्यामुळे चकतीवरचा तपकिरी थर हळूहळू त्यावर बसतो. एकदा वाचले, एकदा नाही, असे होऊ लागले की आधी हेड पाहावे. झाकण उघडण्यापूर्वी वायर भिंतीतून काढून ठेवावी, कारण १५४१ चा वीजपुरवठा पेटीच्या आतच आहे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलात जरासा भिजवलेला कापसाचा बोळा हेडवरून अलगद फिरवायचा. बोळा तपकिरी झाला की नवा घ्यायचा. वरच्या दांडीवरची नमद्याची गादी मात्र भिजू द्यायची नाही. हेड ज्या दांड्यांवर सरकते त्या पुसून हलक्या तेलाचा एखादा थेंब पुरतो. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण.

वेग तपासण्याची रीत फार सुंदर आहे. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते. काही ड्राइव्हच्या खालच्या चाकावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची दोन कडी छापलेली असतात, एक ५० हर्ट्‌झच्या विजेसाठी, दुसरे ६० च्या. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली चाक फिरवले आणि आपल्याकडच्या विजेच्या कड्यातल्या पट्ट्या जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसल्या, तर वेग बरोबर. पुढे किंवा मागे सरकू लागल्या, तर स्क्रू किंचित फिरवायचा.

माळ्यावरून काढलेली जुनी फ्लॉपी मात्र सरळ आत सारू नये. मधले भोक बोटाने फिरवत पाकिटाच्या खिडकीतून चकती उजेडात पाहावी. पांढुरकी बुरशी दिसली तर ती फ्लॉपी बाजूला ठेवावी. नाहीतर तिची घाण हेडवर चिकटते आणि तेच हेड पुढच्या धडधाकट फ्लॉपीवर ओरखडे काढते.