चंचल मुलांचे अवधान आणि संगणकीय प्रशिक्षण



खानदेशातून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने सुरतेस आलेली अनेक मराठी कुटुंबे नवागाम-दिंडोली परिसरात स्थायिक झाली आहेत. यंत्रमागावर व कापडाच्या कारखान्यांत राबणाऱ्या या पालकांची आकांक्षा एकच : मुलांनी शिकावे. परंतु एखादे मूल वर्गात स्थिर बसत नाही, हाती घेतलेले काम अर्धवट टाकते, सांगितलेले विसरते. त्यास ‘वांड’ वा ‘मठ्ठ’ ठरविले जाते आणि हळूहळू त्याची शाळा सुटते.

अशा काही मुलांना अवधानदोष असतो. तो आळस नव्हे, की आईबापांच्या संस्कारांतील उणीवही नव्हे. लक्षणे बाराव्या वर्षापूर्वीच दिसू लागली काय, घरी व शाळेत दोन्हीकडे आढळतात काय आणि किमान सहा महिने टिकली काय, हे पाहूनच तज्ज्ञ निदान करतात. मुलाची दृष्टी व श्रवणशक्तीही तपासून घ्यावी.

या मुलांसाठी आता संगणकीय खेळांच्या रूपाने प्रशिक्षण निघाले आहे. मूल अचूक प्रतिसाद देऊ लागले की खेळ कठीण होतो, चुकू लागले की सोपा होतो. त्यामुळे प्रत्येकास आपल्या कुवतीप्रमाणे सराव मिळतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी अशा एका खेळास मान्यता दिली. त्यामागील चाचणीत ३४८ मुले होती. रोज सुमारे २५ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, असा चार आठवडे सराव झाला. अवधानाच्या संगणकीय कसोटीत या मुलांची प्रगती तुलनेच्या गटाहून सरस ठरली. मात्र पालकांनी नोंदविलेल्या लक्षणांत दोन्ही गटांत तसा फरक आढळला नाही. तात्पर्य, हा खेळ पूरक साधन होय. मुलाच्या हाती नुसता मोबाईल देणे म्हणजे उपचार नव्हे.

शिक्षकांनी अशा मुलास पुढच्या बाकावर बसवावे, एका वेळी एकच सूचना द्यावी, मोठ्या कामाचे लहान भाग पाडावेत आणि प्रत्येक भाग पुरा होताच शाबासकी द्यावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते व तीत अवधानदोषाचाही समावेश आहे. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकास शिक्षकांनी आपली निरीक्षणे अवश्य सांगावीत. पालकांनीही संकोच न बाळगता सहकार्य करावे. वेळीच ओळख पटली, तर मुलाची शाळा सुटणार नाही.