कौल घ्यायचा, तर तो मानायचाही



काही हजारांना प्रश्न विचारून कोट्यवधींचे मत सांगणाऱ्या चाचण्या उदंड झाल्या आहेत. परंतु ज्याची जमीन जाणार, त्यालाच विचारण्याचा प्रसंग विरळा. तो २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यात आला. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत महामुंबई सेझविषयी शासनानेच शेतकऱ्यांचा कौल घेतला. शेतकऱ्यांनी निक्षून नकार दिला. पण त्या कौलाला कायद्याचे बंधन नव्हते. मत विचारणे निराळे आणि मताला अधिकार देणे निराळे. २०१३च्या कायद्याने खासगी कंपनीसाठीच्या संपादनाला ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरवली. शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पांना मात्र ही अट नाही. ती लागू करून घेणे, हे आपले पुढचे काम आहे.